फाटक आपलं आपण लागलं पाहिजे

गुरुवारी सकाळी दहाच्या उन्हात डेस्ली हारग्रेव्ह नेव्हिल क्विल्टीच्या दारात उभी होती. हातात नव्या बिजागऱ्यांची पिशवी, काखेत तपासणीचं बाड. नेव्हिलने दार उघडलं, तोंडभर हसला, पण उंबऱ्यातच असा काही पाय रोवून उभा राहिला की डेस्लीला काय ते कळायला हवं होतं.

"अगं डेस, तू कशाला आलीस एवढ्या उन्हाची," तो म्हणाला. "झालं ते काम. काल मर्व्ह येऊन गेला. सर्टिफिकेट देऊन गेला."

डेस्लीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मंगळवारी तिने स्वतः, या दोन डोळ्यांनी, याच घरामागच्या पोहण्याच्या हौदाचं कुंपण तपासलं होतं आणि फाटक नापास केलं होतं. तिने विचारलं की फाटक दुरुस्त केलंस का. नेव्हिल म्हणाला, मर्व्हला चाललं ना? मग तुला काय अडचण आहे? वर पिशवीकडे बघून म्हणाला, बिजागऱ्या परत घेतील दुकानवाले, पावती जपून ठेव. आणि दार लागलं. ते मात्र आपलं आपण लागलं, घट्ट.

डेस्ली गाडीत येऊन बसली आणि बिजागऱ्यांची पिशवी तिने शेजारच्या सीटवर आदळली. ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्गमध्ये आणि आजूबाजूच्या उसाच्या गावांमध्ये नऊ वर्षं ती लोकांच्या परसातले हौद तपासत होती. इथे हौद असलेलं घर भाड्याने द्यायचं तर आधी तपासनिसाचा शिक्का लागतो: कुंपणाची उंची पुरेशी आहे, खालच्या फटीतून मूल सरपटणार नाही, जवळ चढायला कुंडी नाही, खुर्ची नाही, आणि मुख्य म्हणजे फाटक, कुठूनही हात सोडला तरी, आपलं आपण बंद होऊन त्याची कडी पडते. नेव्हिलचं स्वतःचं घर नदीकाठी होतं. हे त्याच्या आईचं. ती गेल्यावर तो ते भाड्याने देत होता. शुक्रवारी नवीन भाडेकरू यायचे होते. एक तरुण बाई आणि तिची दोन वर्षांची मुलगी, हे मंगळवारी नेव्हिलनेच सांगितलं होतं.

आता मंगळवारचं सांगायलाच हवं, कारण सगळं शेण तिथेच खाल्लं गेलं होतं, आणि ते एकट्या नेव्हिलने खाल्लं नव्हतं.

त्या दिवशी डेस्लीने फाटक पूर्ण उघडून सोडलं. धाडकन लागलं. मग वीतभर उघडून, अलगद सोडलं. फाटक दमल्यासारखं पुढे आलं, कडीला टेकलं आणि तसंच राहिलं. दहा वेळा केलं, सात वेळा तेच. मागच्या पुरात खांबाखालची माती बसली होती, फाटक एका अंगाला झुकलं होतं, बिजागरीतली स्प्रिंग म्हातारी झाली होती. दोन बोटांनी ओढलं की उघडत होतं. कडी मोठ्या माणसाच्या छातीइतकी उंच लावतात ती मुलाचा हात पोहोचू नये म्हणून. पण कडी पडलीच नाही तर ती उंच असून काय उपयोग?

नियम सरळ होता. नापास म्हणजे नापास, दोन दिवसांत लेखी नोटीस. आणि एकदा नोटीस लिहिली की तीन महिने मालकाला दुसऱ्या कुठल्याही तपासनिसाला बोलावता येत नाही, नोटीस देणाऱ्यानेच पुन्हा येऊन बघायचं. त्या कागदात एवढी ताकद. पण बंडाबर्गमध्ये ओळखीच्या माणसावर कागद करणं म्हणजे शेजाऱ्याच्या दारात पोलीस आणून उभा करणं. तसं कुणी करत नाही. माणूस म्हणतो, "नीट करून घे रे, गुरुवारी बघून जाते," आणि दुसरा म्हणतो, "करतो की," आणि तेवढ्यावर गावाचं चालतं. नेव्हिल तिच्या वर्गातला, आता क्रिकेट क्लबचा अध्यक्ष, तिच्या आईच्या अंत्यविधीला खुर्च्या मांडणारा. त्याने आल्याच्या सरबताची गार बाटली पुढे केली. नाताळात दुकानं बंद असतात म्हणून कुरकुरला. डेस्ली म्हणाली, बिजागऱ्या मीच आणते, माझ्याकडे परवाना आहे, बसवूनही देते. बाड काखेतून काढलंसुद्धा नाही तिने. बाटली संपवली आणि घरी गेली.

म्हणून गुरुवारी गाडीत बसल्या बसल्या तिला जेवढा राग नेव्हिलचा आला, तेवढाच स्वतःचा आला. स्वतःचा राग माणसाला सोसत नाही. तिने मर्व्हला फोन लावला.

मर्व्ह स्प्रूल त्र्याहत्तर वर्षांचा. ही तपासणीची विद्या डेस्लीला त्यानेच शिकवलेली. सहा महिने तिला आपल्या खटारा गाडीतून हिंडवलं होतं आणि प्रत्येक फाटकापाशी तेच ऐकवलं होतं: जोरात ढकललेलं फाटक सगळ्यांचंच लागतं, हळू सोड, मुलं हळू सोडतात. असा माणूस या फाटकाला पास करतो म्हणजे काय?

मर्व्ह आधी गडबडला, मग हसला, मग त्याच्या लक्षात आलं की पलीकडे कुणी हसत नाहीये. म्हणाला, नेव्हनं सांगितलं, डेस मंगळवारी सगळं तपासून गेली, नीट आहे म्हणाली, फक्त नाताळच्या गर्दीत तिला कागद करायला फुरसत नाही. मग मी उंची मोजली, फट मोजली, फाटक एकदा ढकललं, लागलं. गुडघे दुखत होते गं. आणि तू बघितलंयस म्हटल्यावर मी परत काय बघायचं?

"मी नापास केलं होतं, मर्व्ह."

"मग नोटीस कुठंय?"

डेस्लीने फोन ठेवला.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी समजलं. तिचाच शब्द, जो तिने भलेपणाने कागदावर उतरवला नव्हता, तो नेव्हिलने उचलला, उलटा केला आणि शिक्क्यासारखा वापरला. आणि आता तक्रार करावी तर सरकारी खातं पहिला प्रश्न तोच विचारणार, जो मर्व्हने विचारला. नऊ वर्षांचा परवाना त्या एका प्रश्नावर जाऊ शकत होता. नवऱ्याच्या मागे तिचं पोट त्यावरच होतं.

तिने नेव्हिलला संध्याकाळपर्यंत चार फोन केले. तीन त्याने उचलले नाहीत. चौथ्याला म्हणाला, आता गुंता वाढवू नकोस. फाटक लागतं, जरा जोर लावायचा. लोकांना हात आहेत ना? आणि मूल कुणाचं? आईबापांनी लक्ष ठेवायचं की मी ठेवायचं?

हे वाक्य डेस्लीने नऊ वर्षांत इतक्या तोंडांतून ऐकलं होतं की ते कानावर पडताच तिच्या डोक्यात तिडीक जायची. अरे बाबा, लक्ष असतं तेव्हा कुंपण लागतंच कशाला? फोन वाजतो, दूध उतू जातं, दारात पोस्टमन येतो, त्या दीड मिनिटासाठी कुंपण असतं. आई डोळ्यांत तेल घालून बसलीये हे गृहीत धरायचं असेल तर सगळ्या गावातली कुंपणं उपटून जाळा. तिने हे सगळं नेव्हिलला ऐकवलं, पण तो केव्हाच फोन ठेवून मोकळा झाला होता.

शुक्रवार तिने तक्रार न करता गिळला. कसा गिळला ते तिलाच ठाऊक. शनिवारी जेवणानंतर तिने बिजागऱ्यांची पिशवी, हत्यारांचा डबा आणि एक घडीची खुर्ची गाडीत टाकली आणि निघाली.

भाडेकरीण टेगन मॉइल नावाची पोरगेली बाई होती. नवरा खाणीत, दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. घरभर खोकी पडलेली, आणि त्या खोक्यांमधून तिची विनी एक पत्र्याची चाळणी डोक्यावर घालून हिंडत होती. डेस्लीने आपण कोण ते सांगितलं आणि फाटक बघू का विचारलं. टेगन म्हणाली, बघा की, पण ते तर पास झालंय. फ्रिजवर चुंबकाने लावलेलं सर्टिफिकेट तिने कौतुकाने दाखवलं.

"म्हणून तर हे घर घेतलं," ती म्हणाली. "दुसऱ्या घरचा हौद बघून मला धडकी भरली होती. इथं म्हटलं सरकारचा शिक्का आहे, पोरगी परसात खेळली तरी मी सामान लावू शकते."

डेस्लीने त्या कागदाकडे बघितलं. खाली मर्व्हची सही होती, सुंदर, जुन्या शाळेतली, गोलसर.

परसात फाटक चार बोटं उघडंच होतं. सकाळी कपडे वाळत घालताना तिकडे गेले होते, टेगन म्हणाली, येताना सोडलं, लागलं असेल असं वाटलं. डेस्लीने तिच्या हातात फाटक दिलं आणि म्हणाली, हळू सोड. टेगनने सोडलं. फाटक आलं, टेकलं, राहिलं. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. टेगनचा चेहरा उतरत गेला. तिने विनीला एकदम कडेवर घेतलं, विनी चाळणीसकट.

"पोरी, तुझी काही चूक नाही यात," डेस्ली म्हणाली. "ज्यांची आहे त्यांना बोलावते."

तिने बिजागऱ्या लगेच बसवल्या असत्या, पंधरा मिनिटांचं काम. पण घर नेव्हिलचं, सर्टिफिकेट मर्व्हचं. आणि खरं सांगायचं तर तिला आता गुपचूप दुरुस्ती करून कुणाची अब्रू झाकायची नव्हती. तिने फाटकासमोर खुर्ची उघडली, टोपी घातली आणि बसली. नेव्हिलला फोन केला की, मी तुझ्या फाटकाशी धरणं धरून बसलेय, मर्व्हलाही बोलावलंय, येतोस की क्लबावर येऊन सगळ्यांसमोर बोलू? अर्ध्या तासात दोघं हजर झाले. मर्व्ह लंगडत, गप्प. नेव्हिल सामना अर्धा टाकून, पांढऱ्या कपड्यांत, लालबुंद.

टेगन पाणी आणायला आत गेली; जाताना विनीला खाली ठेवून म्हणाली, बघा हं जरा. तिघांनीही माना हलवल्या.

नेव्हिलने कुणाशी नीट बोलण्याआधी फाटक पूर्ण उघडलं आणि ढकललं. धाडकन लागलं. पुन्हा उघडलं, पुन्हा ढकललं, धाडकन. म्हणाला, झालं समाधान? मग तावातावाने आत शिरला, खांबावर थाप मारून दाखवली की बघा, हलतोय का, पन्नास वर्षं उभा आहे, माझ्या बापाने पुरलेला. आणि बाहेर आला, बोलत बोलत, फाटक मागे तसंच सोडून, जसं कुणीही सोडतं.

तोवर डेस्ली खुर्चीवरून उठली होती आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला होता. मंगळवारी मी तुला काय सांगितलं? सात वेळा लागलं नाही हे तुझ्यासमोर मोजलं की नाही? आणि तू या म्हाताऱ्या माणसाला जाऊन सांगतोस की मी नीट आहे म्हणाले? मर्व्ह म्हणाला, डेस, जाऊ दे, चूक माझी, मी बघायला हवं होतं. त्यावर ती त्याच्यावर उलटली. हो, बघायलाच हवं होतं. हळू सोड, हळू सोड म्हणून माझे कान किटवलेत तुम्ही, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा गुडघे आठवले? नेव्हिल म्हणाला, एका मुलीवर लक्ष ठेवता येत नाही का लोकांना, त्यासाठी अख्ख्या गावाला वेठीला धरायचं? डेस्ली म्हणाली, लक्ष, लक्ष, लक्षाच्या गोष्टी तू मला सांगू नकोस.

टेगन ग्लास घेऊन बाहेर आली. म्हणाली, "विनी कुठंय?"

चौघांनी एकदम वळून बघितलं. विनी हौदाच्या दुसऱ्या पायरीवर होती, कमरेपर्यंत पाण्यात. चाळणी पाण्यात बुडवत होती, वर उचलत होती, पाणी गळून जात होतं. गळून गेलं की ती आणखी पुढे वाकत होती, कारण तिच्या मते पुढचं पाणी जास्त होतं. दुसऱ्या पायरीच्या पुढे तिसरी, आणि त्यापुढे एकदम खोल. तिने कसलाही आवाज केला नव्हता. कुंपणापासून डेस्लीची खुर्ची सहा पावलांवर होती, आणि डेस्ली पाठ करून उभी होती.

नेव्हिल फाटकातून कसा गेला ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. बुटांसकट, पांढऱ्या कपड्यांसकट पाण्यात उतरला आणि तिला उचललं. चाळणी हातातून सुटली आणि डुलत डुलत तळाला गेली. विनी त्याच्या खांद्यावर भोकाड पसरून रडू लागली, बुडत होती म्हणून नव्हे, चाळणी गेली म्हणून. टेगनने तिला त्याच्याकडून हिसकावून घेतलं. मग ती एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली, आधी नेव्हिल, मग मर्व्ह, मग डेस्ली. डेस्लीवर सगळ्यात जास्त वेळ.

मर्व्ह खाली बसला, म्हणजे गुडघ्यावर, दुखऱ्या, आणि हत्यारांचा डबा पुढे ओढला. कुणी सांगायची वाट बघितली नाही. नेव्हिलने ओल्या कपड्यांनी फाटक धरून ठेवलं, डेस्लीने खांबाखाली पाचर ठोकली, जुन्या बिजागऱ्या काढल्या, नव्या बसवल्या. पंधरा मिनिटांचं काम पंधरा मिनिटांतच झालं. हे सगळ्यात वाईट होतं. पंधरा मिनिटं.

डेस्लीने फाटक पूर्ण उघडून सोडलं, अर्धं उघडून सोडलं, वीतभर उघडून, बोटभर उघडून सोडलं. प्रत्येक वेळी कडी पडली. मग ती गाडीकडे गेली आणि बाड काढून बॉनेटवर ठेवलं.

नेव्हिलच्या चेहऱ्यावर तोवर रंग परत आला होता, आणि रंगाबरोबर जीभही. तो मागोमाग आला, ओले बूट आवाज करत.

"डेस, बसवलं ना आता? मग कशाला ते?" तो हळू आवाजात म्हणाला. "तुझाच परवाना जाईल यात. मर्व्हचा जाईल, या वयात. आपण घरचीच माणसं. मी उद्या तिला फुलं पाठवतो."

डेस्लीने टोपी काढून बॉनेटवर ठेवली.

"मंगळवारीही आपण घरचीच माणसं होतो, नेव्ह," ती म्हणाली.

आणि लिहायला लागली. तिचं अक्षर एरवी बरं असतं, त्या दिवशी वेडंवाकडं आलं. वर पत्ता, मग तपासणीची तारीख, मंगळवारची. फाटक हळू सोडलं असता कडी पडत नाही, दहापैकी सात वेळा. खाली तिने लिहिलं: हे मी, डेस्ली हारग्रेव्ह, त्या दिवशी पाहिलं आणि मालक ओळखीचा म्हणून नोटीस लिहिली नाही. शनिवारी याच फाटकातून दोन वर्षांची मुलगी पाण्यात गेली. तिथे हजर असलेल्या मोठ्या माणसांची संख्या तिने लिहिली आणि त्यात स्वतःला धरलं.

नेव्हिल म्हणाला, वेड लागलंय तुला. म्हणाला, क्लबात तोंड दाखवू नकोस. म्हणाला, तुझ्या आईसाठी मी काय काय केलं ते आठव. ती आठवत होती. खुर्च्या आठवत होती. पेन थांबलं नाही.

मर्व्ह लंगडत आला आणि तिच्या खांद्यावरून कागद वाचला. चष्मा नव्हता म्हणून जवळ घेऊन, ओळ न् ओळ. वाचून झाल्यावर कागद परत बॉनेटवर ठेवला, हाताने सपाट केला.

"खाली जागा ठेव," तो म्हणाला. "बुधवारचं मी लिहितो."

परसात टेगन फाटकापाशी उभी होती, विनी कडेवर. एका बोटाने ती फाटक जरासं उघडत होती आणि सोडत होती, पुन्हा उघडत होती, पुन्हा सोडत होती. फ्रिजवरचा कागद तिने काढून आणला होता आणि त्याची घडी करून पँटच्या खिशात कोंबली होती. कडी पडल्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता, आणि मर्व्हचं लिहून होईपर्यंत तो थांबला नाही.